इंजिनाच्या तोंडाला दादरा

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. मी जो शहाणपणा केला होता तो कळल्यावर आमचं येरमाळं गाव पोट धरून हसलं. हसण्यात सगळ्यात पुढं कोण होतं? ते कळेलच. चहा घ्या तोवर. गोड कमी वाटला तर बोलू नका, माझ्या हाताला साखर तेवढीच येते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. तिकडं गोऱ्यांची लढाई पेटली होती आणि इकडं आमच्या घरातलं रॉकेल संपलं होतं. मी अनसाबाई. शाळा चार बुकं. गावात मला गिरणीवाली म्हणतात. माघारी आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण समोर म्हणायची कोणाची छाती नाही.

आमच्या गिरणीला इंजिन होतं मोटारीचं. साधंसुधं नव्हे हो! एका जहागीरदाराला हौस आली होती की आपली मोटार वाऱ्यासारखी पळाली पाहिजे. म्हणून त्या इंजिनावर एक जादा पंखा होता, इंजिनाच्या पोटात हवा कोंबणारा. आमचे हे त्याला ब्लोअर म्हणायचे. हे त्या जहागीरदाराचे डायवर. मोटार वाऱ्यासारखी पळाली खरी, ती थेट निंबाच्या झाडावर. त्या दिवशी जहागीरदार स्वतः हाकत होता, हे लक्षात ठेवा. जहागीरदार वाचला, झाड वाचलं, मोटारीचा चेंदामेंदा झाला आणि इंजिन आमच्या दारात आलं.

ह्यांनी त्याला पट्टा लावून जातं जोडलं. पेट्रोल लढाईत जायला लागलं तेव्हा कोळशाची टाकी बसवली. कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस इंजिनाला पाजायचा. त्या गॅसला दम कमी असतो म्हणे. पण आमचा ब्लोअर होता ना! तो दाबून कोंबायचा, आणि जातं असं गरगरायचं की परंड्याकडनं आलेली माणसं थांबून बघायची.

मग फौजेला मोटारी दुरुस्त करणारे पाहिजेत अशी हाळी आली आणि हे गेले. जाताना मला सगळं शिकवलं. हांडेल कसं मारायचं, पट्टा कसा चढवायचा, तेल किती आहे ते काडी बुडवून कसं बघायचं. इंजिनाच्या अंगाला एक वाकडी नळी होती, खाली तोंड केलेली. तिच्यातनं सारखा धूर यायचा आणि तेल ठिबकायचं. तिच्याखाली ह्यांनी एक जुना डबा ठेवला होता.

मी विचारलं, "ही कशाला थुंकती सारखी?"

"ठिबकू दे. तिच्या वाटंला जाऊ नको."

आता बघा, हे सगळ्याच बाबतीत असं म्हणायचे. आईच्या वाटंला जाऊ नको. बैलाच्या वाटंला जाऊ नको. शेजारच्या नीलव्वाच्या वाटंला जाऊ नको. सगळंच ऐकत बसले असते तर मी कोणाच्या वाटेला गेले असते?

सुरवातीला ह्यांची खुशाली यायची. मग थांबली.

घरात दुसरं कोणी नाही. मूल नाही, सासू तर लग्नानंतर लवकरच गेली. दळणाला बाया यायच्या, पण त्यांच्या गप्पा व्हायच्या बाहेर ओट्यावर. मी बाहेर आले की त्यांना आपापल्या चुली आठवायच्या. माझं तोंड हे असं. कोणी जास्त मायेनं विचारलं, "काय कळलं का गं धन्याचं?" की मी म्हणायची, "तुला कळलं का तुझ्या धन्याचं? तो रोज कुठं जातो ते?" मग कोण विचारील हो?

पण माणसाला बोलायला तर लागतंच. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही. 'अहो' म्हणायचं. माणूस गेला तरी जिभेवरचं 'अहो' कुठं जातं? समोर होतं ते इंजिन. मी त्यालाच म्हणायला लागले. "अहो, उठा. उजाडलं." "अहो, आज ऊन लई हाय, पाणी जास्त घ्या." आणि ते उत्तर द्यायचं! धक् धक् धक्. खरं सांगू? ह्यांच्यापेक्षा जास्तच बोलायचं.

माझे धाकटे दीर माणिकराव, तामलवाडीला असतात, शेती आहे. माणूस वाईट नाही, पण एकदा मनात घेतलं की बैल बरा. त्या साली नवरात्राच्या आधी आले, गिरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, एकट्या बाईनं इंजिन हाकायचं म्हंजी मला पसंत न्हाय. दादा आल्यावर म्हणंल, माझ्या बायकूला वाऱ्यावर सोडली."

"मला कोणी सोडलं न्हाय. मी धरून बसलेय."

"ते दिसतंय. पर एक सांगतो. चालतंय तवर चालवा. ज्या दिवशी हे इंजिन बंद पडंल त्या दिवशी ते काढून इकायचं आन् तुमी आमच्याकडं यायचं. बोला, कबूल?"

मी म्हटलं कबूल. इंजिन बंद पडायचंच नव्हतं तर माझं काय जातंय?

तामलवाडीला वाईट काय होतं म्हणाल तर काहीच नव्हतं. जाऊ सुभद्रा गरीब स्वभावाची. चुलीपुढं जागा मिळाली असती, ताटात भाकरी मिळाली असती. पण हे परत येणार ते कुठं? गिरणीत. त्यांना लांबूनच धक् धक् ऐकू आलं पाहिजे. आणि दाराला कुलूप दिसलं तर? उभ्या उभ्या कोणाला विचारतील? नीलव्वाला? तिच्या तर वाटेला जाऊ नको म्हणाले होते!

असो. आता माझा शहाणपणा ऐका.

खंडेनवमीचा दिवस. विळ्या-कोयत्यापासून सगळ्या हत्यारांची पूजा, म्हणून गिरणी बंद. मी इंजिन असं पुसलं की त्यात माझं तोंड दिसावं. बघितलं आणि परत पुसलं नाही. जमीन सारवली. नळीखालचा गंजका डबा उचलून मागं टाकला, पूजेत तो कसला ठेवता? कमळाची रांगोळी काढली. झेंडूची माळ घालून मागं सरते तर टप्! नळीतनं तेलाचा थेंब, बरोबर कमळाच्या मधोमध.

"अहो, सणाच्या दिवशी तरी!"

परत टप्!

आणि तेल म्हणजे काय साधं होतं? लढाईत मोटारीचं तेल मिळायचं का? एक डबा शिल्लक होता, तो मी तुपासारखा जपत होते. आणि हे असं जमिनीला पाजायचं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (असा उजेड पडला की मी आता लांब जाऊन बसते. तेव्हा अक्कल नव्हती.)

लोणच्याची बरणी आपण कशी ठेवतो? भरायची, तोंडाला स्वच्छ फडकं बांधायचं, वरनं सुतळी आवळायची. दादरा बांधायचा. आतलं तेल आत, बाहेरची मुंगी बाहेर. माझ्या आईच्या हातचं लोणचं दादरा बांधून सालभर टिकायचं. मग इंजिन टिकायला काय झालं?

जुन्या लाल लुगड्याचा तुकडा घेतला, दुहेरी केला, नळीच्या तोंडावर ताणला आणि सुतळी अशी आवळली, अशी आवळली की बरणी असती तर फुटली असती. हळदकुंकू लावलं. काय सुरेख दिसत होती हो नळी! नव्या नवरीसारखी.

दसरा झाला. गिरणी सुरू केली. एक थेंब नाही! जमीन कोरडी, रांगोळी जशीच्या तशी. मी इंजिनासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, "बघा. तुमी म्हणत हुता तिच्या वाटंला जाऊ नको. गेले. काय झालं?"

काय झालं ते पुढं कळलं.

गिरणीत पीठ उडतं. उडून कुठं बसतं? तेलकट जागेवर. दादरा तेलानं ओला, त्यावर पीठ, परत तेल, परत पीठ. खालनं गरम वाफ. म्हणजे मळून, थापून, भाजून भाकरी तयार! पण ते दिसलं कोणाला? वरनं हळदकुंकू लावलेलं लाल फडकंच दिसत होतं.

एके सकाळी बघते तर इंजिनाच्या मागं, जिथनं पट्ट्याचा दांडा बाहेर येतो, तिथनं तेल पाझरायला लागलेलं. म्हटलं असेल, वय झालं. गव्हाची कणीक घट्ट मळली आणि दाबून बसवली. तिथलं थांबलं. माझ्या मनात आलं, बाई असून काय डोकं चालतंय माझं!

दुपारी बाजूच्या झाकणाखालनं ओघळ. तिथं लाख वितळवून ओतली. थांबलं. मग पुढच्या अंगानं. तिथं चिंध्या कोंबल्या. जिथं बोट ठेवावं तिथं गप्प, आणि दुसरीकडनं बोंब! आणि मग ती तेल मोजायची काडी. मी जवळ उभी होते, ती आपण होऊन सण्णकन उडाली आणि पत्र्याला लागून माझ्या पायाशी पडली. बाण मारल्यासारखी! मी परत खोचली. परत उडाली. मग दोरीनं बांधून टाकली, वांड वासराला बांधतात तशी.

आता तुम्ही म्हणाल, कोणाला विचारायचं नाही का? विचारलं असतं तर तामलवाडीला कळलं असतं. कळलं असतं तर इंजिन गेलं असतं. गळतंय म्हणजे बंद पडलेलं नाही. मी कबूल केलं होतं ते बंद पडल्यावरचं.

पण पिठाला वास यायला लागला. पहिली तक्रार आली शेजारच्या नीलव्वाची. नीलव्वा लिंगायत वाण्याची आई, पलीकडंच त्यांचं दुकान. माहेर कर्नाटकातलं. गळ्यात लिंग, हातात जपमाळ आणि कान सगळ्या गावात.

"यव्वा, अनसा! भाकरीला मोटारीचा वास येतोय की गं!"

"मग बरंय की. बसल्या जागी मोटारीत बसल्यावाणी वाटंल. खावा."

"माझा ल्योक ताटावरनं उठला."

"डायवर व्हईल."

नीलव्वा गेली, पण मी घाबरले. दुसऱ्या दिवसापासून गिरणीचं दार लावून घेतलं. म्हटलं वारं सुटलंय, पीठ उडतंय, पाट्या खिडकीतनं द्या आणि खिडकीतनंच घ्या. आतमध्ये मी आणि इंजिन. ते गळतंय आणि मी पुसतेय. घरातली फडकी संपली. उशीचा अभ्रा संपला. ह्यांचं एक जुनं धोतर पेटीत घडी घालून ठेवलं होतं. ते हातात घेतलं, आणि परत ठेवलं.

त्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. इंजिन थांबवलं, खाली बसले. हात कोपरापर्यंत काळे. तेलाचा डबा तळाला गेलेला. आणि मी बोलायला लागले.

"अहो, किती छळाल मला? सगळ्यांस्नी सांगत फिरले, माझे धनी येणार, येणार. एकटीनं किती करायचं? काय खाल्लं, कुठं निजले, कुणी ईचारलं का? आता आलात तर गप बसू नका. बोला की! का मीच बोलू जल्मभर?"

आता आलात असं मी का म्हणाले ते मला माहीत नाही. तोंडाला आलं ते बोलले. खूप वेळ बोलले. इंजिन गप्पच होतं, तापलेलं लोखंड थंड होताना टिक टिक वाजतं तेवढंच.

खिडकीबाहेर नीलव्वा दळणाची पाटी घेऊन उभी होती.

ते मला कुठं माहीत! मला एवढंच दिसलं की थोड्या वेळानं खिडकीतनं एक हात आत आला. हातात गुळाची भेली आणि खोबऱ्याची वाटी. मागनं नीलव्वाचा आवाज, एकदम हळू, डोळ्याला पदर लावल्यासारखा.

"अनसा, ग्वाड कर काही तरी. मी इच्यारत न्हाय काही. तुमी दोघं बोला. सावकास बोला."

मला वाटलं, मोटारीच्या वासावरनं टोचून बोलली म्हणून बाईला लाज वाटली. दोघं म्हणजे कोण, तेवढं डोकं तेव्हा होतंच कुठं? मी म्हटलं, "ठेव तिथं." गुळाचं काय केलं? सांगते. घराच्या भिंतीला चुना आणि गूळ कालवून लावला तर तो दगडासारखा बसतो, हे आम्हाला गवंडी बघून बघून माहीत. चुना होताच. गूळ आयता आला. सगळी भेली चुन्यात कालवली आणि इंजिनाच्या फटींना थापली. खोबरं मी खाल्लं.

इकडं नीलव्वा धावत रस्त्यावर गेली. तुळजापूरकडं जाणारी सर्विस मोटार उभी होती. डायवरच्या हाती तामलवाडीला निरोप दिला: माणिकरावाला म्हणावं, भाऊ आलाय. गिरणीतच हाय. काही बोलत न्हाय, सारखी अनसाच बोलतीय. लवकर या.

आणि गावाला? गावाला निरोप द्यावा लागत नाही, नीलव्वा पुरते.

दुसऱ्या दिवशी मी आपली दार लावून गूळ-चुना वाळायची वाट बघतेय. कोळसा पेटवलेला. बाहेर कुजबुज ऐकू येत होती, बांगड्या वाजत होत्या. म्हटलं आज दळणाला एवढी गर्दी? आणि एकदम दारावर थापा पडल्या.

"दादा! दादा, दार उघड! मी माणक्या हाय!"

आता काय सांगू तुम्हाला. 

भाऊजी 'दादा' म्हणून कोणाला हाक मारतायत? आमच्या घरात दादा एकच. म्हणजे हे आले! दारात आले आणि भाऊजी मागनं त्यांना हाक मारतायत! मी तशीच उठले. काळे हात लुगड्याला पुसले, केस मागं सारले, म्हणजे काळं सगळं कपाळाला फासलं गेलं, कुंकू त्यात बुडालं. कडी काढली. दार सताड उघडलं.

समोर माणिकराव, नवा पटका बांधलेला. मागं सुभद्रा, हातात आरतीचं ताट. तिच्यामागं नीलव्वा आणि निम्मं गाव, ठेवणीतली लुगडी नेसून.

मी भाऊजींच्या खांद्यावरनं बाहेर बघतेय. भाऊजी माझ्या खांद्यावरनं आत बघतायत.

"कुठं हायती?" मी म्हणाले.

"कुठं हाय?" ते म्हणाले.

"तुमच्यासंगं न्हायती?"

"तुमच्यासंगं न्हाय?"

 सुभद्राच्या हातातली ज्योत तेवढी फडफडत होती.

नीलव्वा पुढं आली. "असं काय करती अनसा? काल बोलत हुतीस की. अहो म्हणून. म्या माझ्या कानानं ऐकलं."

"मी व्हय?" मी म्हणाले. आणि मला कळलं. सगळं एकदम कळलं. मी वळून इंजिनाकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याबरोबर वळून बघितलं. झेंडूची वाळकी माळ घातलेलं, कणीक लावलेलं, लाख ओतलेलं, गूळ-चुन्यानं लिंपलेलं, दोरीनं आवळलेलं आणि सगळीकडनं गळणारं इंजिन.

"मी ह्यास्नीच म्हणते," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भाऊजींचं तोंड उतरलं ते बघवेना. तामलवाडीपासनं ते भावाशी काय काय बोलायचं ते ठरवत आले असणार. ती सगळी बोलणी वाया गेली आणि मग माणूस करतो तेच त्यांनी केलं. रागावले.

"बास झालं वहिनी! हे काय इंजिन हाय का आजारी म्हातारं? चला. सामान बांधा. उद्या गाडी आणतो आन् ह्याला काढतो."

"बंद पडल्यावर, आसं ठरलं हुतं! हे चालतंय!"

"हे? हे चालतंय?"

"बघायचंय? सरका बाजूला!"

मी पदर खोचला आणि हांडेल मारलं. माझ्या रागानंच ते सुरू झालं असेल. धक् धक् धक्! घटकाभर मला वाटलं, जिंकले. मग गूळ-चुन्याचा एक पापुद्रा उडाला. मग कणीक. मग दोरी तुटून काडी उडाली ती सुभद्राच्या आरतीच्या ताटात टण्णकन पडली. ज्योत विझली. आणि तेल! मागनं, पुढनं, खालनं. भाऊजी वाकून बघायला लागले. "आरं आरं आरं! वहिनी, फडकं द्या! पुसायला फडकं द्या!"

फडकं कुठलं? सगळी फडकी इंजिनाच्या आत-बाहेर कोंबलेली. मी चारीकडं बघितलं. एकच फडकं उरलं होतं. नळीचा दादरा.

ओढला तर हलेना. हात लावून बघते तर फडकं कुठंय? शिळी भाकरी! दगड! सुतळी आत भाजून बसलेली. माझा पारा चढला. कोपऱ्यातलं मुसळ उचललं. आणि माझे दीर, माणिकराव, नवा पटका बांधून, नेमके त्या नळीसमोर तोंड करून वाकलेले.

मी मारलं.

फाट्!!

असा आवाज मी नंतर पोलीस ॲक्शनमधेपण ऐकला नाही. भाकरी उडाली, तिच्यामागं धूर, धुरामागं तेल, आणि ते सगळं भाऊजींच्या तोंडावर. पटक्यासकट. माणूस जागच्या जागी काळा झाला. फक्त दोन डोळे, तेही मिटलेले.

आणि इंजिन? अहो, इंजिन एकदम हलकं झालं. पोटातलं ओझं उतरल्यासारखं. नळीतनं धूर निघाला, टप् टप् तेल पडलं, आणि बाकीचे ओघळ? थांबले! मागचा थांबला, पुढचा थांबला. माझ्या कणकेविना, लाखेविना, गुळाविना.

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. ब्लोअर वरनं हवा कोंबतो. त्यातली थोडी फटीतनं खाली तेलाच्या पोटात उतरते. उतरली की तिला बाहेर जायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे ही नळी. मी वाटच बांधून टाकली. मग ती हवा करील काय? मिळेल त्या फटीतनं, तेलाला ढकलत बाहेर. मी एक फट बुजवली की ती दुसरी शोधायची. आणि मी काय समजत होते? इंजिन म्हातारं झालं! ह्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, ठिबकू दे, तिच्या वाटंला जाऊ नको.

मग मला हसू आलं. पहिली मी हसले. मुसळ हातात, तोंड काळं, आणि मी हसतेय. मग नीलव्वा, मग सुभद्रा, मग सगळा ओटा. भाऊजींनी डोळे उघडले. तेही हसले, की काय केलं कोण जाणे. काळ्या तोंडावरनं दोन पांढऱ्या रेघा खाली उतरल्या, तशा त्या हसण्यानं उतरतात का? मी विचारलं नाही. ते जोंधळ्याच्या पोत्यावर बसले.

"वहिनी, तुमी खरंच ह्याला अहो म्हणता?"

"मग काय म्हणू? तुमच्या दादाचं नाव कवा घेतलं न्हाय. आता ह्याला नाव कुठनं आणू?"

भाऊजींनी इंजिनाकडं बघितलं. धक् धक् चाललं होतं. मग उठले, पटक्याच्या आतल्या कोरड्या पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पुन्यांदा त्यांचं तोंड बांधू नका."

त्याचं नाही. त्यांचं, म्हणाले.

सुभद्रानं विचारलं, "मग मी ह्या आरतीचं काय करू? आणलीय तर..." मी म्हटलं, "ओवाळ की." नीलव्वानं ज्योत परत लावून दिली, आणि त्या बाईनं खरंच इंजिनाला ओवाळलं. सगळं गाव उभं होतं.

त्यानंतर इंजिन काढायची गोष्ट भाऊजींनी कधी काढली नाही. उलट फिरून फिरून कुठनं तरी तेलाचा डबा पाठवायचे. लढाई संपली. निजाम गेला. हे आले नाहीत. धक् धक् अजून चालू आहे.

पण किस्सा राहिलाच की. त्या दिवशी भाऊजी आणि सुभद्रा परत जायला निघाली, तर मी म्हटलं बसा, चहा घ्या. बसले. बाया पण बसल्या, ओट्यावर नाही, आत. आणि मी बोलायला लागले. ह्यांनी इंजिन कसं आणलं, जहागीरदार झाडावर कसा गेला, घरात एकटीला स्वयंपाक करावा वाटत नाही ते, भांडायला कोणी नसलं की जीव कसा होतो ते. किती दिवसांचं साठलं होतं देव जाणे. तुळजापूरची मोटार आली, भाऊजी उठले, मी म्हटलं बसा, एवढं ऐकून जा. मोटार गेली. पार दिवस मावळायला आला. सुभद्रा पेंगायला लागली. भाऊजी आ वासून बघत होते, मनात म्हणत असणार, चुलीपुढं जागा द्यायची म्हणालो होतो ती बाई हीच का!

नीलव्वा उठली. कोपऱ्यात पडलेली ती काळी पडलेली, कडक लाल फडक्याची भाकरी उचलली, झटकली, आणि दारामागच्या खुंटीला लटकवली.

"टाकू नगंस ह्यो दादरा, अनसा," म्हणाली. "जपून ठेव. इंजिनाला नगं, पर आमास्नी लागंल."

तो अजून तिथंच आहे. दळणाला आलेल्या बाया आता आतच बसतात. माझं बोलणं फार लांबलं की एखादी हळूच मान वळवून त्या खुंटीकडं बघते.

आता तुम्हीपण तिकडंच बघताय की हो! प्या तो चहा. थंड झाला.